हाकेला उतरलेलं नाव

आमच्या लालबागच्या चाळीत कुठल्याही बाळाचं नाव पाळण्यात जाण्याआधी तिसऱ्या मजल्यावरून ओरडलं जायचं. ओरडायची आत्या. गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवून ती अशी हाक द्यायची की दोरीवरचे टॉवेल हलायचे, हे आम्ही पोरं शपथेवर सांगायचो. खाली मिरच्या कुटणाऱ्या डंकनांचा धडधडाट. त्यातूनही हाक कानावर पडली, तर मसालेवाले मोरे आपला लालभडक हात वर करायचे. हात वर झाला की नाव पास!

आत्या खरं तर कुणाचीच आत्या नव्हती. मूळची मालवणची, एकुलती एक, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेत शिवण शिकवणारी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा; ज्याला बहीण नाही त्याची पंचाईत. ती पंचाईत तिनं एकदा सोडवली आणि मग चाळीची आत्याच झाली. पुढेपुढे सख्ख्या बहिणी असलेलेही तिच्याचकडे यायला लागले. बहिणी रुसायच्या, पण बारशाला यायच्या.

शब्द ती चवीनं खायची. ‘अळुवडी’ म्हणताना तिला खाल्ल्याचा आनंद व्हायचा. बसमध्ये मी कंडक्टरकडे सायनचं तिकीट मागितलं की दंडाला चिमटा बसायचा. “शीव म्हण रे! फुंकर घातल्यासारखा कसा गोड वाटता बघ.” मी भर बसमध्ये शीव, शीव करत बसायचो.

नावाच्या बाबतीत मात्र ती कडक. एका बापानं मोठ्या कौतुकानं ‘क्षितिज्ञ’ आणलं, तर म्हणाली, “ह्यां नाव आसा की औषद? दिवसातून दोनदा घेवचा? मेल्या, नाव कागदार लिवूक नसता, हाक मारूक असता!” तो बिचारा जिन्यातच नवीन नाव शोधू लागला.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. आत्या वडाळ्याला सातव्या मजल्यावर भाड्याच्या घरात आली आणि दोन वर्षांत तिचे कान पार गेले. त्याच सुमारास मला मुलगी झाली. मलाही बहीण नाही. माझं नाव ठरलेलं, मोबाइलवर शोधलेलं: क्रियांशी. नेहाला, म्हणजे बायकोला, रेवा हवं होतं. सव्वा महिन्यानं बारसं, त्याला दोन दिवस उरले, तरी दोघंही हटेनात. शेवटी आत्याकडे गेलो.

मी दोन्ही नावं कागदावर लिहून दिली. तिनं कागद परत सरकवला.

“माका आयकाक येणा नाय रे. चुकीचा नाव दिलंय तर पोरीन जन्मभर काय करूचा? आता दुसरी आत्या बघ.”

इतका पडलेला चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. कान गेले ते गेले, पण आत्यापणही जाणार होतं.

एवढ्यात नेहा उठली. ऑफिसातसुद्धा जिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचत नाही, ती नेहा! आत्याचा हात धरून तिला बाल्कनीत घेऊन गेली, बोटानं आधी स्वतःकडे, मग खाली दाखवलं, म्हणजे मी ओरडते, तुम्ही खाली बघा, आणि ओरडली, “क्रियांशीऽ!”

हाक मधेच अडखळली. वॉचमननं मानसुद्धा वर केली नाही.

“रेवाऽऽऽ!”

खालचं क्रिकेट थांबलं! वॉचमन टोपी सावरत उभा राहिला, समोरच्या बिल्डिंगची खिडकी उघडली. आत्या खाली बघतच नव्हती. ती नेहाच्या तोंडाकडे बघत होती. नेहा लाजून लाल झाली होती, हसत होती, आणि कुणी न सांगताच तिनं पुन्हा हाक मारली, “रेवाऽऽऽ!”

“परत मार म्हणान कोणी सांगितला गो तुका?” आत्या एकदम तरतरीत झाली. “एका हाकेत भागणा नाय, तांच नाव खरा!”

माझी क्रियांशी तिथंच निकालात निघाली. मला त्याचं काडीचं दुःख झालं नाही.

बारशाला आत्या नवं लुगडं नेसून आली. पाळण्यात वाकली आणि हळूच कानात नाव सांगितलं. तिच्या मतानं हळूच! सगळा हॉल दचकला. रेवा दचकली आणि तिनं जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. बायका धावल्या. आत्याला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं; तिचा तळवा तेवढा पोरीच्या छातीवर होता, आणि ती छाती नुसती थरथरत होती.

आत्यानं मान वर केली. डोळे भरलेले, आणि आवाज पूर्वीचा, खणखणीत.

“ओ दिल्यान! अगो, माका ओ दिल्यान!”