उद्घाटनाची खुंटी

बांधकाम शिकणाऱ्यांना आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षी चार दिवस गावात नेऊन मोजणी करायला लावत. आमची छावणी जाम फाट्याजवळच्या एका गावात पडली. काम सोपं: जमिनीत लाकडी खुंटी ठोकायची, शाळेच्या दगडी पायरीपासून तिथवर उंची मोजत जायचं, दुसऱ्या दिवशी खुंटीपासून मोजत पायरीशी परत यायचं. आकडे जुळले की पास. नाही जुळले तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं पुन्हा.

खुंटी विद्यार्थ्यांनीच ठोकायची असते. पण छावणी पर्यावरणस्नेही बांधकामाची, म्हणजे उद्घाटन आलं, पाहुणे आले, आणि पाहुण्यांना सावली हवी. पलीकडे कडक मुरमाची जागा होती, पण तिथे ऊन होतं. म्हणून खुंटी ठोकली गेली वांग्याच्या वावराकाठी, बाभळीखाली. नारळ फोडून, हळदकुंकू वाहून, प्लॅस्टिकच्या फलकासमोर. पाहुण्यांनी तीनदा हातोडा मारला. तिसऱ्या वेळी फोटो नीट आला. मोजणी जोडीजोडीने करायची होती; आयती मिळाली म्हणून आमच्या जोडीने तीच खुंटी घेतली.

दुसऱ्या दिवशी पायरीशी परत आलो, तर फरक एकोणीस मिलिमीटर. मुभा सहाची.

माझी जोडीदारीण तळेगावची. सुट्टीत तिच्या ताईचं लग्न. तिने वही माझ्यापुढे सरकवली.

“दोन आकडे बदलव.”

“सरांना कळेल.”

“सर फोटो पाहून राह्यले तिकडं. मी लग्नाले नाई गेली तं ताई मले जिंदगीभर ऐकवन.”

मोह मलाही झाला. आधीच्या बॅचच्या वह्यांत फरक नेहमी शून्य असायचा; इतकी अचूक मोजणी उपग्रहालाही जमत नसावी. तरी एकदा खुंटी पाहू म्हणून निघालो. बाभळीखाली चप्पल चिखलात रुतली. वावराच्या मालकीण मावशी वांगी तोडत होत्या.

“मावशी, या खुंटीला कोणी हात लावला का?”

“मी काऊन हात लावू? काल सांजच्याले वांग्याले पाणी देल्लं, तं तिलेबी दोन बादल्या घातल्या. नारळ फोडला, हळदकुंकू वाह्यलं, म्हटलं पाणी घालाचं पोट्टे इसरले.”

काळी माती पाणी पिऊन फुगते, हे सरांनी आम्हाला दोन तास शिकवलं होतं. परीक्षेत आम्ही ते पाच मार्कांना लिहिलंही होतं.

पायरीपासून खुंटीपर्यंत पुन्हा मोजलं. खुंटी अठरा मिलिमीटर वर आली होती. उरलेला एक आमचा.

सरांना बोलावलं. त्यांनी वही पाहिली, बोटाने माती दाबली.

“काळ्या मातीत खुंटी ठोकायला कोणी सांगितलं होतं?”

जोडीदारीण अदबीने म्हणाली, “सर, फोटोत तुम्ही डावीकडून दुसरे आहात.”

सरांनी बोटाची माती रुमालाला पुसली. मग म्हणाले, “शेऱ्यात लिहा, खुंटी वर आली. कारण, पाणी. जास्त काही लिहू नका. पास.”

सुट्टीत मी तळेगावला लग्नाला गेलो. मांडवाची मेढ रोवायला सगळे जमले होते, आणि नवरीची बहीण पहार घेतलेल्या मामांना अडवत होती.

“मामाजी, इथं नाई. तिकडं रोवा, मुरमात.”