टाकीखालची माणसं

कहकशा पिंजारी मूळची धरणगावची. वडील इसाकभाई गाद्या भरायचे. मुलीला वकिलीची सनद मिळाली तेव्हा त्यांनी गल्लीत घरोघरी पेढे वाटले होते. आता जळगावात गोलाणी मार्केटमध्ये तिचं आणि दिपमाला पाटीलचं छोटं ऑफिस आहे. कामगारांची प्रकरणं कहकशा बघते, भागीदारीची दिपमाला. दोघींच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. एकीकडचं बोलणं दुसरीकडे ऐकू जातंच.

मार्चमध्ये छगन आला. एका डाळमिलमध्ये तो फिटर होता. मिलमध्ये कच्ची तूर साठवायची उंच लोखंडी टाकी होती. भरलेल्या टाकीखाली उभं राहून वेल्डिंग करायला त्याने नकार दिला, म्हणून त्याला कामावरून काढलं होतं.

"टाकीना पाय वाकी गयात, ताई," तो म्हणाला. "मालकपासून बठ्ठासले माहीत शे. पन बोलाले कोनी तयार नही."

त्याची बायको पुनम अजून त्याच टाकीखाली पोती भरायला जात होती.

"तिला थांबवत का नाहीस?" कहकशाने विचारलं.

छगनने उलट विचारलं, दोघंही घरी बसले तर चूल कशी पेटायची? कहकशाने कामगार न्यायालयात त्याचं प्रकरण दाखल केलं.

महिन्याभराने दिपमालाकडे उखर्डूनाना म्हणून एक म्हातारे गृहस्थ आले. शेती विकून त्यांनी पुतण्या भूषणबरोबर धंदा टाकला होता. आता त्यांना भागीदारीतून बाहेर पडायचं होतं, आणि तेही ताबडतोब.

"तुमचा हिस्सा?" दिपमालाने विचारलं.

"राहू द्या. भूषणलाच सगळं."

असं कुणी म्हणत नाही. दिपमालाने पेन खाली ठेवलं. नुसत्या सहीने भागत नाही, पेपरात जाहीर नोटीसही द्यावी लागते, हे तिने समजावलं.

"नोटीस छापून आली," नाना हळूच म्हणाले, "आणि त्यानंतर तिथं काही झालं, तर माझ्यावर येणार नाही ना?"

"काय होणार आहे, नाना?"

नानांनी टोपी काढली. वर पंखा फिरत होता, तरी त्यांचं कपाळ ओलं होतं. "पुतण्याला सांगून थकलो हो," एवढंच ते म्हणाले. दिपमालाने धंद्याचं नाव विचारलं. त्यांनी छगनच्याच मिलचं नाव सांगितलं, आणि पार्टिशनपलीकडे कहकशाचा हात लिहिता लिहिता थांबला.

त्या मिलविरुद्धचं प्रकरण याच ऑफिसात आहे, त्यामुळे हे काम घेता येणार नाही, असं दिपमालाने सांगितलं. नाना टोपी घालून जिना उतरून गेले.

"आत्ताच्या आत्ता फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाऊ," कहकशा आत येत म्हणाली.

"नाना बोलले ते बाहेर काढता येणार नाही. सल्ला घ्यायला आले होते ते. सनद जाईल."

"आणि टाकी पडली तर?"

दिपमालाने छगनची फाईल पुढे ओढली. "छगनला जे दिसलं, ते छगनच्या नावाने लिहिता येईल," ती म्हणाली.

तक्रार गेली. इन्स्पेक्टर साहेब पाहणीला आले, पण त्याआधीच भूषणला कुठून तरी कुणकुण लागली होती. टाकी रिकामी करून तिच्या पायांना चंदेरी रंग मारलेला होता. साहेबांनी वर पाहिलं, चहा घेतला, दोष आढळला नाही असा शेरा मारला. पुढच्याच आठवड्यात टाकीत पुन्हा तूर चढली. आणि एका सकाळी पेपरात नानांची भागीदारी सोडल्याची नोटीस आली, दुसऱ्या वकिलामार्फत.

ती वाचताच कहकशाला नानांचा प्रश्न आठवला: नोटिशीनंतर तिथं काही झालं तर? तिने स्कूटी काढली आणि मेहरूणला पुनमचं घर गाठलं.

"उद्यापासून जाऊ नकोस."

"अचानक काय झालं, ताई?"

नाना काय बोलले ते सांगता येत नव्हतं. "माझ्यावर विश्वास ठेव," ती म्हणाली. पुनमने ठेवला. तिचं ऐकून शेजारच्या दोघीही घरी बसल्या. तिघींचंही काम गेलं.

पावसाळा सरला. टाकी उभीच होती. दिवाळीच्या तोंडावर पुनम ऑफिसात आली, खुर्चीवरसुद्धा बसली नाही.

"तुमी सांगं म्हनीसन घर बसनू, ताई. टाकी ते उभी शे."

ती गेल्यावर क्षणभर कहकशाला वाटून गेलं, टाकी पडू दे एकदाची. आणि आपल्याला असं वाटलं, याचीच तिला धास्ती बसली. दिपमालालाही तिने हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिलच्या गेटवर जाऊन उभी राहिली. खेड्यावरून आलेल्या नव्या बायका रिक्षातून उतरत होत्या.

"त्या टाकीखाली थांबू नका," ती प्रत्येकीला सांगत होती.

"मॅडम, बाजूला व्हा," वॉचमन म्हणाला. आत यंत्र सुरू झालं. टाकीच्या अंगातून कर्रकन आवाज आला. वॉचमनने तिकडे मानसुद्धा वळवली नाही.

एक तरुण बाई मात्र थबकली.

"मग पोती कुठं भरू, ताई?"

तिने अगदी सरळ विचारलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली आणि पदर खोचत ती बाई आत गेली.