‘कुटुंब’ या रकान्यातली माझी आई

माझी आई एका शब्दाने मेली.

आज तिची तिथी. मी ऐंशी ओलांडलेली बाई आहे, टाइप करायला वेळ लागतो. चुका काढू नका.

काल नातू सांगत होता, "आजी, आपल्या फॅमिली पॉलिसीत तुझं पण नाव आहे, टेन्शन घेऊ नकोस."

मी म्हटलं, "नाव असून काय होतं ते मला विचार."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी नेहमीसारखी तिरकस बोलतेय.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमचं घर भुईगावला. बाबा मुंबईत गिरणीत. आठवडाभर तिकडेच खोलीवर, शनिवारी संध्याकाळी घरी.

त्या वर्षी गिरणीत आजारपणाचा विमा नवीनच आला होता. पगारातून पैसे कापायचे आणि एक कार्ड द्यायचे. ते दाखवलं की डॉक्टर फुकट, औषध फुकट.

कार्ड करताना कारकुनाने विचारलं, "कुटुंब?"

कागदावर लिहायचंच होतं म्हणून बाबांनी नाव सांगितलं, "यमुना."

आता हे तरुण पोरांना समजावून सांगायला हवं. त्या काळी नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. "आमचं कुटुंब" म्हणायचा. कुटुंब म्हणजे बायको, बस्स.

रकाना कुटुंबाचा आणि त्यात आईचं नाव. मग आईचाही विमा झालाच की! आमच्या घरात कोणालाच शंका आली नाही.

आईने तर आळीभर सांगितलं. "माजं नाव हाय मुंबैच्या कार्डावर."

त्यानंतर महिनाभरात तिला ताप भरला. सोमवारचा दिवस होता. बुधवारी छातीत कळा यायला लागल्या.

शेजारच्या जनाकाकी म्हणाल्या, "अगो, वसईच्या डॉक्टरकडं तरी जा."

"त्याला पैसं कशाला घालू? शनवारी हे येतील. कार्ड हाय ना."

थांबली. आम्हीही थांबलो. मी तिला पेज करून देत होते आणि शनिवार मोजत होते.

शनिवारी बाबा आले. रविवारी विम्याचा दवाखाना बंद. सोमवारी पहाटे बैलगाडीने स्टेशन, तिथून मुंबई. ताप येऊन आठ दिवस झाले होते.

दवाखान्यात आईला बाहेर बाकड्यावर बसवलं. खिडकीपाशी बाबा आणि मी.

आतला कारकून म्हणाला, "विमेदार कोण?"

"मी."

"काय होतंय?"

"मला नाय, कुटुंबाला."

"कुटुंबाला औषध मिळत नाही काका. फक्त कामगाराला."

"अवो पन नाव हाय ना! हे बघा. कुटुंब, यमुना."

त्याने कार्ड पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ते तुम्हाला काही बरं-वाईट झालं तर पैसे कोणाला द्यायचे, त्यासाठी आहे."

आज त्याला नॉमिनी म्हणतात.

बाबा खिडकीपासून हलले नाहीत. मागची माणसं कुरकुर करायला लागली.

मग ते म्हणाले, "मंग मीच आजारी हाय असं लिवा. मला ताप हाय. औषध माज्या नावावर द्या."

कारकुनाने खिडकीतून हात बाहेर काढून बाबांच्या मनगटाला लावला. "अंग थंडगार आहे हो तुमचं. डॉक्टर तपासल्याशिवाय काही देत नाहीत. नियम मी केलेले नाहीत."

वाईट माणूस नव्हता तो. तोच तर त्रास आहे. एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर मी आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या असत्या.

आईने विचारलं, "झालं काम?"

बाबा म्हणाले, "झालं. मोठ्या डॉक्टरकडं पाठवलंय. कार्डावरच."

माझ्याकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं. मी तोंड मिटलं.

समोरच्या गल्लीत एक खाजगी डॉक्टर होते. त्यांनी छाती तपासली आणि बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "आठ दिवस काय करत होतात?"



इंजेक्शनं, औषधाच्या बाटल्या, फी. संध्याकाळी आईला घेऊन आम्ही घरी परतलो. दोन दिवसांत बाबांची सायकल विकली गेली. आईने विचारलं तर म्हणाले, "पंक्चर हाय."

"मंग काढून का नाय घेत?"

"टायरच खराब झालाय गो."

खरं सांगितलं असतं तर तिने औषधाचा थेंब तोंडाला लावला नसता. माझी आई होती ती, मला माहीत आहे.

गुरुवारी जनाकाकी बघायला आल्या. आईला धाप लागली होती, एकेक शब्द सुटा सुटा येत होता. पण चेहरा काय खुलला होता म्हणून सांगू!

"मुंबैचा मोठा डॉक्टर. एवढी औषधं. एक पैसा नाय घेतला आमच्याकडनं."

बाबा दारातच उभे होते. "नाय घेतला," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी आई गेली. बत्तीस वर्षांची होती.

बाबा त्यानंतर वीस वर्षं जगले. हा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही.

आई, तुझ्यापाशी खोटं बोलणारे आम्ही दोघं होतो. बाबा गेले, आता मी एकटीच उरले आहे. तू फुकटात बरी होणार या आनंदात गेलीस, तेवढंच आमच्या हातून झालं.

तुला नमस्कार.