चिमणीबाईंची कॅसेट

आमच्या शेजारच्या चिमणीबाईंना हे नाव कसं पडलं, ते त्या स्वतः कधी सांगत नाहीत. मग शेजाऱ्यांनाच तोंड उघडावं लागतं.

बाई आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या केंद्रात लागल्या, तेव्हा नेमणूक सहा महिन्यांची, कच्ची. मैदानातल्या उंच तारेने टिपलेल्या लहरी आवाजात बदलून हेडफोनवर ऐकायच्या, कामाच्या ठेवायच्या, खरखरीच्या टेपा पुसायच्या. म्हणजे पगार घेऊन कान टवकारायचे. आमच्या गल्लीत हे काम कित्येक जण फुकट करतात.

तिसऱ्या आठवड्यात पहाटेच्या टेपवर नुसती किलबिल निघाली. बाईंनी वहीत लिहिलं, ‘चिमण्यांचा गोंगाट, निरुपयोगी’, आणि टेप पुसली. त्या तारेवर बसून चिमणीने घसा फोडला तरी तारेला आवाज ऐकू येत नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पण पुसण्याआधी त्यांनी एक चोरी केली. घरी आई खुबा मोडून वर्षभर अंथरुणाला खिळलेली, खिडकीसमोर नुसती भिंत. तिच्यासाठी बाईंनी एक कॅसेट भरून घेतली आणि पिशवीत टाकली. केंद्रातला कागदाचा कपटाही बाहेर न्यायला बंदी होती.

चार दिवसांनी साहेब वही घेऊन टेबलाशी आले. “बाई, त्या पहाटेनंतर दोन दिवसांत एक उपग्रह बंद पडला. वरच्या इलेक्ट्रॉनांना एवढा जोर कुठून आला, ते या टेपमध्ये होतं. चिमण्या कसल्या? पृथ्वीभोवती इलेक्ट्रॉनांचा पट्टा आहे, त्यातल्या लहरी होत्या त्या.”

बाईंनी मनात हिशेब मांडला. गप्प राहिलं तर नवख्या माणसाची चूक म्हणून सुटका होईल. बोललं तर चोरी गळ्यात, नोकरी हातची गेली, आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. त्यांनी रुमालाची पिळून पिळून चिंधी केली. मग म्हणाल्या, “कॅसेट आहे. घरी. आईच्या उशाशी.”

साहेब तडक बाईंबरोबर घरी आले. आईने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, कॅसेट लावली आणि बजावलं, “मधे बोलायचं नाही.” कॅसेट संपल्यावर म्हणाली, “माझ्या लेकीला पाखरातलं काही कळत नाही हो. या चिमण्या नव्हेत. प्रत्येकीचा सूर खालून वर चढतो, एकही खाली उतरत नाही.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “आजी, एवढं कळायला आम्हाला पदव्या घ्याव्या लागल्या.”

“मग आता मला सांगा, हे आहे तरी काय?”

“इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकी रेषांभोवती गिरक्या घेत असतात. लहरीचा ताल एखाद्याच्या गिरकीशी जुळला, की ती त्याला ढकलते. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोट लावावं, तसं. पुन्हा पुन्हा लागलं, की तो सुसाट सुटतो आणि उपग्रहाचा पत्रा भेदून आत शिरतो.”

“बरं. मग हिला काढणार का?”

“काढतोय,” साहेब म्हणाले. बाई पिशवीतून केंद्राचा पास काढू लागल्या. “पुसायच्या कामावरून. उद्यापासून ही फक्त किलबिल ऐकेल. आणि दर आठवड्याला एक कॅसेट तुमच्याकडे येईल, माझ्या सहीने.”

आई होती तोवर कॅसेट येत राहिली. बाई एकतीस वर्षांनी निवृत्त झाल्या. साहेबांना आता अजिबात ऐकू येत नाही. दर रविवारी बाई त्यांच्याकडे जातात, ती पहिली कॅसेट लावतात आणि त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक सूर काढून दाखवतात, खालून वर, खालून वर.

“एक चुकवलात,” साहेब कुरकुरतात.

चुकलेला नसतो. बाई पुन्हा काढतात.