बांधाकडच्या ओळी

परवा मक्याच्या वावरात माझी बोलतीच बंद झाली... गावोगाव सभा गाजवणाऱ्या माणसाची!

मोताळ्याजवळ आमचं शेत आहे. मका गुडघ्याला लागला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, लष्करी अळीची विष्ठा दिसली. सकाळीच मी आणि शारदा, माझी बायको, दाणेदार कीटकनाशक घेऊन निघालो. हातात मोजे, तोंडाला रुमाल, आणि प्रत्येक पोंग्यात चिमूटभर दाणे.

आमच्याकडे बांधाकडच्या चार ओळी दाट पेरतात. त्या बैलांच्या. लागेल तसा हिरवा चारा कापायचा, म्हणून त्यांत औषध टाकायचं नाही, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. मला ती पटत नाही. शत्रूला कुंपणाजवळ जागा दिली की तो घरात शिरतोच! वावरात उभा राहून मी शारदाला हे चांगलं खडसावून सांगितलं. एकही ओळ सोडायची नाही... अळीला सवलत नाही म्हणजे नाही! तिनं मान हलवली आणि ती बांधाच्या बाजूला गेली. मी मधल्या ओळींना लागलो.

काम संपलं. शारदा विहिरीवर साबणानं हात धुवायला गेली, आणि तेवढ्यात शेजारच्या कमलाबाईंची हाक आली.

"भाऊ, धावा हो! माह्या बकऱ्या तुमच्या मक्यात शिरल्या!"

मी धावलो. तिन्ही बकऱ्या बांधाकडच्या ओळींत, आणि पोंगे पार कुरतडलेले... त्या बकऱ्यांवरच कमलाबाईंचं घर चालतं. औषध टाकलंय, एवढंच मी कसंबसं सांगितलं. बाई मटकन बांधावर बसल्या आणि एका बकरीचं तोंड पदरानं पुसू लागल्या. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर आवाजच फुटेना.

शारदा ओल्या हातांनी आली. बकऱ्या कुठे उभ्या आहेत ते तिनं पाहिलं.

"आवो, काऊन घाबरून राह्यले? या ओळीत म्या दाणे टाकलेच नाही."

"पण मी सांगितलं होतं ना..."

"तुमी भाषण देऊन राह्यले होते. मी बैलाचं पाहू का तुमचं?"

मी एकेक पोंगा उघडून पाहिला. खरंच, एक दाणा नव्हता. आतल्या ओळींना बकऱ्यांचं तोंडही लागलं नव्हतं. कमलाबाई डोळे पुसता पुसता हसल्या. "बरं झालं वहिनी, तुमी भाऊचं आयकत नाही!"

बकऱ्या संध्याकाळपर्यंत आमच्याच दारात बांधून ठेवल्या, नजरेसमोर... मजेत रवंथ करत होत्या. आतल्या मक्यावर आता अळ्या मरून पडताहेत.

माणसं ऐकत नाहीत म्हणून मी आयुष्यभर चिडलो. परवा पहिल्यांदा, कुणीतरी माझं ऐकलं नाही म्हणून हात जोडावेसे वाटले.