गंजीच्या पोटातली ऊब

आमच्या मामाला सगळे थर्मामीटर म्हणायचे. गोठ्यात चाळीस गाई, गोठ्याला लागूनच छपराएवढी उंच गवताची गंजी आणि त्या गंजीत खुपसलेली लोखंडी सळई. रोज सकाळी मामा ती उपसायचा, मुठीत धरायचा आणि सांगायचा, "गार आहे." तीस वर्षांत कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गवत ओलसर राहिलं की डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात वाढतात. त्यांच्या जगण्याची ऊब होते, त्या उबेत ते आणखी वाढतात, वाढले की ऊबही वाढते, आणि गंजीच्या पोटातून ती बाहेर पडत नाही. शेवटी त्या तापात ते स्वतःच मरतात, पण तोवर गवत आपलं आपण तापायला लागलेलं असतं. हे मला मामानेच शिकवलं. "चटका बसला तर उशीर झालाय असं समज. गंजी उकरायची नाही, आत हवा गेली की पेटेल. आधी गाई सोडायच्या."

महिन्यापूर्वी उकळता चहा त्याच्या हातावर सांडला आणि हा गप्पा मारतच राहिला. साखरेच्या आजाराने हात बधिर झाले होते. "कुणाला बोलू नकोस," मामी म्हणाली, "हे काम गेलं तर तो हाय खाईल." मी भित्री, गप्प बसले. पहिल्या दिवशी जड गेलं, मग रोज थोडं सोपं होत गेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

यंदा गवत घाईत रचलं होतं. चार दिवस गंजीला गोडसर, भाजल्यासारखा वास येत होता.

"मामा, सळई मी बघू का?"

"का, माझ्यावर भरवसा नाही?"

पाचव्या सकाळी त्याने सळई नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. काही कळतच नव्हतं ना त्याला.

"गार आहे," तो म्हणाला.

मी त्याची मूठ उघडली. तळव्याची कातडी पांढरी पडून सळईला चिकटली होती. मामाने हाताकडे पाहिलं, मग रवंथ करणाऱ्या गाईंकडे.

"गाई सोड," तो हळूच म्हणाला.

मी धावले. तिसरं दावं सोडताना मागे पाहिलं. छपराखाली धूर दिसायला लागला होता. मामा अजून पहिल्याच गाईपाशी वाकला होता. त्याच्या बोटांना दाव्याची गाठ जाणवत नव्हती.