बुडालेल्या माणसासाठी मिस्सा

क्रेसेंझ उंबऱ्यावर बसून केकसाठी प्लम चिरत होती. हात चालत होताच, पण जीभ त्याहून जोरात चालली होती.

"वालबुर्गे, डोकं फिरलंय तुझं! त्या डिझेलच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा? एक तर आपल्यासारखा कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट, त्यात जीव दिलेला!"

"जीव दिला? तू होतीस वाटतं बोटीवर?"

"पेपरात आलंय."

"पेपरात आपली ट्राम वेळेवर येते असंही येतं," वालबुर्गा म्हणाली आणि शेजारणीच्या ताटातला एक प्लम उचलून तिनं तोंडात टाकला.

गेला आठवडाभर आउग्सबुर्गमध्ये दुसरा विषयच नव्हता. इंजिनवाला डिझेल इंग्लंडच्या बोटीवर रात्री नीट जेवला, आपल्या खोलीकडे गेला आणि सकाळी पाहतात तर अंथरुणावर सुरकुतीसुद्धा नाही आणि तो बोटीवर कुठंच नाही. कुणी म्हणे कर्जात बुडाला होता म्हणून उडी टाकली, कुणी म्हणे ढकलला. लोकांना काय, तोंडाला येईल ते बोलायचं. याच लोकांनी पूर्वी तो आपल्या गावचा म्हणून मिरवलं होतं. जन्म पॅरिसचा, पण लढाईच्या धामधुमीत आईबापांनी पोराला एकट्यालाच इथं नातेवाइकांकडे धाडलं. पुढं इंजिनही त्यानं इथंच उभं केलं, तेही वर्षानुवर्षं अपयश पचवून.

वालबुर्गाला त्याच्या मोठेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा नवरा लिओनार्ड सूतगिरणीत बॉयलरला कोळसा घालायचा. थुंकी काळी पडायची. रात्री खोकला सुटला की ती त्याला भिंतीला टेकवून बसवायची आणि पाठ चोळत राहायची. येता हिवाळा काही तो काढत नाही, असं डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अशात गिरणीमालकानं बॉयलर मोडीत काढला आणि डिझेलचं इंजिन आणलं. कोळसेवाले खवळले. लिओनार्डनंही त्या डिझेलला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. पण मालकानं त्यालाच इंजिनाजवळ ठेवलं, हातात तेलाची बुधली दिली.

पहिल्याच संध्याकाळी तो घरी येऊन डोळे विस्फारून म्हणाला, "अगं, विस्तवच नाही! हवा इतकी दाबतात, इतकी दाबतात, की तीच तापते आणि तेल आपसूक पेट घेतं!"

"मग धूळ?"

"कसली धूळ! शर्ट बघ."

शर्ट पांढरा होता. वालबुर्गा तो हातात धरून रडली होती. पुढं खोकला पुरता गेला नाही, पण लिओनार्ड जगला, नऊ हिवाळे जगला. मुलीच्या लग्नात तर तो घाम फुटेपर्यंत नाचला.

आता तो नव्हता आणि ती इथं, गरिबांसाठी बांधलेल्या या वसाहतीत राहत होती. भाडं नावापुरतं, बदल्यात वसाहत बांधणाऱ्या फुग्गर सावकारासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. वर्षातून एका मिस्सेचे पैसे भरण्याचीच तिची ऐपत होती. ती मिस्सा नोव्हेंबरात, लिओनार्डच्या दिवशी, त्याच्याच नावानं व्हायची. यंदा तीच तिला डिझेलला द्यायची होती.

"नवऱ्याच्या तोंडचा घास परक्याला!" क्रेसेंझ म्हणाली. "शोभतं का तुला?"

वालबुर्गाच्या काळजाला ते लागलं. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. मग ती उठली आणि तडक फादरांकडे गेली.

फादर अवघडले. "बाई, त्याचं नाव मला चर्चमध्ये पुकारता येणार नाही. आणि त्यानं खरंच स्वतःहून..."

"फादर, तुम्हीच सांगा. चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या सावकारासाठी मी रोज हात जोडते, का, तर त्यानं डोक्यावर छप्पर दिलं. मग ज्यानं माझ्या माणसाच्या छातीत श्वास घातला, त्याच्यासाठी एकदाही जोडायचे नाहीत? पाण्यात पडताना त्याच्या मनात काय होतं, ते देवाला ठाऊक. तुम्हाला ठाऊक आहे का?"

फादरांनी चष्मा काढून पुसला. "नाव नको," ते शेवटी म्हणाले. "बुडालेल्या एका माणसासाठी म्हणतो. चालेल?"

"उपकार झाले, फादर."

मिस्सेला क्रेसेंझही आली. थंडीच्या नावानं बोटं मोडत आली, पण आली. नंतर दोघी कबरस्तानात गेल्या. वालबुर्गानं लिओनार्डच्या कबरीवरची पानं हातानं बाजूला केली.

"रागावू नकोस हं," ती म्हणाली. "यंदाची तुझी त्याला दिली. तू गेलास तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता रे. त्याच्याजवळ कुणीसुद्धा नव्हतं."